पाणपोईवरचा एकतीस

गळ्यावर वस्तरा असताना दचकू नये एवढी अक्कल चिंतामणला होती. तरी तो दचकला, आणि हनुवटीखाली बारीक लाल रेघ उमटली. न्हाव्यानं तुरटी फिरवली आणि "हालले काहून जी?" म्हणून उलट त्यालाच विचारलं. चूक न्हाव्याची नव्हती. मागच्या बाकावर नंबर लावून बसलेल्या दोघांपैकी एकानं विचारलं होतं की एकतीस अजून पाणपोईवरच आहे काय. आणि दुसरा अगदी सहज म्हणाला होता की असणारच, तो कुठं जातो, मी श्रावणात भेटलो होतो त्याला, भला माणूस आहे. अमरावतीत, अंबादेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, दोन अनोळखी माणसं अशा एका पाणपोईबद्दल बोलत होती जी जगात कुठंच नव्हती. ती चिंतामणनं काढली होती, स्वतःच्या हातानं. चार मडकी आणि वर तुराट्यांचं छप्पर. तीही काही मोठा विचार करून नव्हे. कागदाची घडी नेमकी पटावरच्या त्या घरावरून जात होती, घडीवर बारीक चित्र टिकत नाही, म्हणून चार जाड रेघांत उरकेल ते त्यानं उरकलं होतं.

अकोल्याच्या एका छापखान्यात चिंतामण मुद्रितं तपासायचा आणि तिथूनच निघणाऱ्या साप्ताहिकाची पानं लावायचा. साप्ताहिक मोरोपंत वकिलांचं. वकिली चालत होती म्हणून साप्ताहिक चालत होतं, आणि हे मोरोपंत स्वतःच चारचौघांत सांगत. अठ्ठावन्न सालच्या दिवाळी अंकात दोन पानांच्या जाहिराती ऐन वेळी गळाल्या, आणि रिकामी पानं पाहून मोरोपंत हवालदिल झाले तेव्हा चिंतामणनं त्या जोडपानावर शंभर घरांचा एक पट आखून दिला. नाव ठेवलं मुशाफिरी. अकोल्याच्या वेशीतून निघायचं, वाटेत सात वस्तू गोळा करायच्या, आणि अमरावतीच्या वेशीत शिरायचं. खेळ पोस्टानं खेळायचा, तेव्हा फासे ठेवण्यात अर्थ नव्हता. ज्यानं त्यानं आपापल्या घरी फासा टाकायचा म्हटलं तर साऱ्या वऱ्हाडाला दर आठवड्याला सहाच पडले असते. म्हणून ज्यानं त्यानं कार्डावर आपली चाल लिहायची: तीन घरांपर्यंत चाललो, नाहीतर मुक्काम केला. कोणत्या घरात चोर भेटणार, कोणत्या नाल्याला पूर येणार हे चिंतामण आधी लिहून पाकिटात बंद करून ठेवी. शंभराव्या घरात जो पोचेल त्याचं नाव-गाव चौकटीत छापायचं, वर्षभर अंक फुकट, आणि त्यानं पुन्हा पहिल्या घरापासून निघायचं. बाकीच्यांचे नुसते क्रमांक छापायचे. त्यातही काही गूढ नव्हतं. नावं लावायची तर दोन स्तंभ गेले असते, आकडे अर्ध्यात मावले.

आणि मग कार्डं यायला लागली. पहिल्या आठवड्यात चाळीस, होळीपर्यंत अडीचशे. दर्यापुरातून, मूर्तिजापुरातून, मोझरीच्या आश्रमात राहणाऱ्या कुणाकडून वर 'जय गुरु' लिहून. चिंतामणला त्या कार्डांचं वेड लागलं असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही. चालीपेक्षा त्याला चालीखाली काय आहे यात रस असे. पाच-सहा शब्दांत चाल संपते आणि कार्डाचा बाकीचा भाग कोरा राहतो, आणि ती कोरी जागा माणसाला स्वस्थ बसू देत नाही, हे त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ध्यानात आलं. कुणी पावसाचं लिही, कुणी बायकोच्या दुखण्याचं, एकानं नुसतीच एक चिमणी काढून पाठवली. तेव्हा चिंतामणनं एक नियम वाढवला. एकाच आठवड्यात दोघं एकाच घरात असले तर ती भेट समजायची, आणि दोघांच्या कार्डावरची एकेक ओळ अंकात छापायची. मोरोपंत म्हणाले, जागा भरते ना, मग भरा. जागा भरलीच, पण त्या न्हाव्याच्या दुकानात बसेपर्यंत चिंतामणला वाटत होतं की त्यानं नुसती जागाच भरली आहे. 'भेटलो' हा शब्द त्यानं छापला होता खरा, पण आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

अमरावतीतलं छापखान्याचं काम आटोपून, बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याकडे येताना तो खिडकीशी बसून एकतीसचाच विचार करत राहिला. हनुवटी चुरचुरत होती. हा एकतीस क्रमांकाचा माणूस फेब्रुवारीत चाळिसाव्या, म्हणजे पाणपोईच्या, घरात पोचला होता आणि तेव्हापासून, म्हणजे आठ महिने, जागचा हलला नव्हता. दर सोमवारी कार्ड यायचं, चुकायचं नाही: मुक्काम, चाळीस. त्याच्या गाठीला एकच वस्तू होती, सातातली एक, तीही बिनकामाची घोंगडी. चिंतामणनं मध्यंतरी पंचेचाळिसाव्या घरात त्याच्यासाठी म्हणून आमिष ठेवून पाहिलं होतं, एकदम दोन वस्तू, आणि तसं अंकातल्या मजकुरात सुचवूनही टाकलं होतं. पन्नास माणसं त्या घरावर तुटून पडली. एकतीसचं कार्ड आलं: मुक्काम, चाळीस. आपण बांधलेल्या खेळात जिंकायची इच्छा नसलेला माणूस काय करतो, हा प्रश्न चिंतामणला दाताच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेसारखा छळत होता. घरी आल्यावर त्यानं बायकोला, सिंधूला, न्हाव्याच्या दुकानातली हकिकत सांगितली. कार्डं क्रमांकवार लावायला तीच मदत करायची, त्यामुळं एकतीसचं अक्षर ती ओळखत होती. ती म्हणाली, याला कुठं जायचंच नाहीये. सगळ्यांना अमरावतीला जायचंय हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत.

सिंधू असं काहीतरी बोलून जायची आणि भाकरी थापायला लागायची, आणि इकडं चिंतामणची झोप जायची. त्याला आई आठवली. त्याची आई, अनसूयाबाई, दुपारी शेजारच्या केशरबाईंशी कवड्यांनी पट खेळायची. जिना संपतो तिथल्या अरुंद जागेत दोघी बसत, मध्ये कापडाचा पट, आणि आठ-नऊ वर्षांचा चिंतामण पायरीवर बसून बघे. आई वाईट खेळायची. शेवटची सोंगटी घरात न्यायला दोन कवड्यांचं दान पुरे असलं तरी ती दुसरीच सोंगटी चालवायची, उगाच, मागची. केशरबाई हसायच्या, म्हणायच्या, तुमाले काय खेळता येते बाई. चिंतामणला आईची लाज वाटायची. एकदा त्यानं ओरडून सांगितलंही की आई, ही सोंगटी ने, तू जिंकतेस. आईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो तिथून उठूनच गेला. पुष्कळ वर्षांनी, वडील गेल्यानंतर, त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डाव संपला की केशरबाई पट गुंडाळून उठायच्या. मग घरात आई आणि वडील. वडिलांनी आईशी कामापुरतंही बोलणं कधी सोडलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. आईला जिंकायचं नव्हतं कारण जिंकलं की दुपार संपायची. एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला त्याला तीस वर्षं लागली. त्या आठवणीनं तो आताही कळवळला, आणि त्याच क्षणी एकतीसबद्दलचं कुतूहलही वाढलं. दोन्ही एकदम होऊ शकतं याचं त्याला जरा वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोरोपंतांनी बोलावलं. ते खुशीत होते. त्यांचं म्हणणं असं की यंदाच्या दिवाळी अंकापासून क्रमांकांपुढं नावं छापायची. सगळ्यांची, गावासकट. माणसाला आपलं नाव छापलेलं बघायला आवडतं, तो तो अंक विकत घेतो, सासुरवाडीला पाठवतो; अडीचशे नावं म्हणजे अडीचशे घरं. दोन स्तंभ जातील तर जाऊ द्या. येत्या अंकात सूचना द्या, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणावं, कायद्यानं विचारलेलं बरं. चिंतामण हो म्हणाला. त्याला वाईट वाटलं नाही, उलट मनात कुठंतरी गुदगुल्या झाल्या, हे कबूल केलं पाहिजे. वाटेतल्या सगळ्या माणसांच्या तोंडावरचं फडकं एकदम ओढलं तर काय होईल? कोण कुणाला ओळखेल? त्याला ते बघायचं होतं. मुंग्यांच्या रांगेत काडी ठेवणाऱ्या पोराला जे बघायचं असतं तेच. पण काडी ठेवण्याआधी एक मुंगी जवळून पाहावी असं त्याच्या मनानं घेतलं. सूचना अंकात लावून झाली, आणि रविवारी सकाळी तो कुणाला न सांगता चांदूर रेल्वेच्या गाडीत बसला. वहीत एकतीसच्या पुढं एवढंच होतं: खु. ना., आणि चांदूरपासून दोन कोसांवरच्या गावाचं नाव.

चांदूरच्या स्टेशनाबाहेर त्यानं सायकल भाड्यानं घेतली. दसरा होऊन गेला होता, दोन्ही बाजूंना पऱ्हाटीला कापूस फुटला होता आणि काळ्या मातीच्या रस्त्यात गाडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. गावात शिरल्यावर त्यानं पारावरच्या माणसांना विचारलं की खुशालराव कुठं राहतात. चांदूरच्या पोस्टातल्या बाबूनं 'खु' म्हणजे खुशालराव एवढं सांगितलं होतं. पारावर चार जण होते. चौघांनी ऐकलं. एकानं पान थुंकलं, एकानं टोपी काढून झटकली, आणि तिसरा म्हणाला, पुढं इचारा. पुढं एक बाई पाणी भरत होती, तिनं नुसता हात केला. तिच्या हाताच्या रोखानं गेला तर आणखी एका म्हाताऱ्यानं डोळ्यांनीच डावीकडचं दार दाखवलं. कुणी उद्धट नव्हतं. नाव तेवढं कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. चिंतामणनं पुढं काही विचारलं नाही, कारण ही गप्प बसण्याची तऱ्हा त्याच्या ओळखीची होती. ती एका घरापुरती त्यानं पाहिलेली, इथं अख्खं गाव तसं होतं.

खुशालराव पन्नाशीचे, उंच, बंडीच्या खिशात चष्मा. चिंतामणनं आपण कोण ते सांगितल्यावर ते उठले. आत गेले, घोंगडं आणून अंथरलं, बायकोला, दुर्गाबाईला, चहा टाकायला सांगितलं, आणि मग एकदम हसले. मुशाफिरीचा पट त्यांनी एका फळीला खळीनं चिकटवून भिंतीला टेकवला होता. चाळिसाव्या घरावरचा कागद बोटं लागून झिजला होता, म्हणून तिथं त्यांनी चौकोनी चिठ्ठी डकवून मडकी पेन्सिलीनं पुन्हा काढली होती, चिंतामणपेक्षा चांगली. चिंतामणनं अजून काही विचारलं नव्हतं तोवर खुशालराव म्हणाले की तुम्ही विचारायला आलात मी काहून हलत नाही. पाणपोईच्या अलीकडं-पलीकडं नाला आहे, तुम्हीच काढला. कोणी कसाही गेला तरी चाळीसवरूनच जाते. इथं बसलं की सगळं वऱ्हाड भेटते. चिंतामणनं पटाकडं पाहिलं. खरंच होतं. आडवाटा सगळ्या त्या घडीच्या आधी मिळत होत्या, कारण घडीवर दोन रस्ते नीट उठले नसते. आठ महिने हा माणूस छापखान्याच्या अडचणीवर घर करून राहिला होता.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं, आणि ते सांगताना दुर्गाबाई चहाची कपबशी घेऊन दारातच उभी राहिली. सात वर्षांपूर्वी पोळ्याला, तोरणाखाली मानाची बैलजोडी कुणाची यावरून भांडण झालं. खुशालरावांचा चुलतभाऊ वामनराव. दोघं एका ताटात जेवून मोठे झालेले. वामनरावाच्या हातातली तुतारी, बैल हाकायची टोकदार काठी, समोरच्याच्या डोळ्यात गेली, डोळा गेला. अमरावतीच्या कोर्टात खुशालरावांना साक्षीला बोलावलं. शपथ घातल्यावर जे पाहिलं ते त्यांनी सांगितलं. वामनराव अडीच वर्षं तुरुंगात होता. तेव्हापासून गाव बोलत नाही. कुणी ठराव केला नाही, पंचायत बसली नाही. एक दिवस एक बोलेना, दुसऱ्या दिवशी दुसरा. वामनराव सुटून आला तोही बोलला नाही. त्याच्या घराची भिंत ती पलीकडची, ती दिसते ती. आता कुणी सुरुवात करायची हेच कुणाला कळत नाही, असं खुशालराव म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती, नालीचं पाणी कुठं तुंबलं ते दाखवावं तसं त्यांनी दाखवलं.

"खोटं बोललो असतो तं त्या मानसाचा डोळा परत आला नसता," ते म्हणाले. "खरं बोललो तं भाऊ गेला. हिशेब काई जुळत नाई जी."

चिंतामण पटाकडं बघत राहिला. खुशालरावांनी उठून कोनाड्यातून अंकांचा गठ्ठा काढला, चैत्र-वैशाखातले नऊ अंक वेगळे बांधलेले होते, आणि त्यातल्या भेटींच्या ओळींवर बोट ठेवून ते वाचायला लागले. एकतीस आणि चव्वेचाळीस. चव्वेचाळीस म्हणतो, पाणी थंड आहे काय. एकतीस म्हणतो, मडकं नवं आहे, थंड आहे. चव्वेचाळीस म्हणतो, माझा ढवळ्या डाव्या अंगाचाच आहे, उजवीकडं जुंपला की बसते. त्या ओळीशी खुशालराव थांबले. असा बैल पंचक्रोशीत एकच होता, म्हणाले. गोऱ्हा असताना त्याला डावीकडं जुंपायची सवय मीच लावली. सोमवारी वामनराव शाळेजवळच्या पेटीत कार्ड टाकायला जातो तेही मग त्यांनी आपल्या ओट्यावरून पाहिलं. नऊ आठवडे चव्वेचाळीस पाणपोईवर राहिला, नऊ आठवडे नऊ ओळी. नवव्या आठवड्यात खुशालरावांच्या हातून चूक झाली. त्यांनी विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना. पुढच्या आठवड्यात चव्वेचाळीस निघून गेला, तीन-तीन घरं टाकत, आणि आता अमरावतीच्या वेशीशी टेकला होता.

तेव्हा चिंतामणनं नावांचं सांगितलं. सांगताना त्याला वाटलं होतं की आपण काहीतरी चांगली बातमी आणली आहे. गाडीत बसताना हा विचार नव्हता, पण त्या नऊ अंकांनी तो आता तयार झाला होता. नावं छापली की वामनरावांना कळेल, नऊ आठवडे आपण कुणाशी बोललो ते. कोंडी फुटेल. असं तो भरभर बोलून गेला. दुर्गाबाईनं कपबशी खाली ठेवली आणि ती आत निघून गेली.

खुशालरावांनी अंकांचा गठ्ठा पुन्हा बांधला. मग म्हणाले, "त्याले माहीत नाई मी कोन, म्हनून तो बोलला. माहीत झालं तं कसा बोलन? अन् बोललो याचीच त्याले लाज वाटन. भाऊ, खेळ तुमी चांगला बांधला. पन आमचं गाव काई तुमी बांधलेलं नाई."

परतीच्या वाटेवर सायकल चाकोरीत अडकून चिंतामण दोनदा पडला. कोपराला लागलं. त्यापेक्षा जास्त लागलं ते शेवटचं वाक्य. त्याला आजवर वाटत आलं होतं की बघणं हे निरुपद्रवी काम आहे, एका बाजूला बसून कोण कुठं थांबतो, कोण कुठं घाई करतो एवढं टिपायचं. पण न्हाव्याच्या दुकानापासून तो जे शोधत इथवर आला होता त्याला एक घर होतं, दार होतं, आणि दारात चहा घेऊन उभी राहिलेली बाई होती जिच्याशी सात वर्षं विहिरीवर कुणी बोललं नव्हतं. आणि तरी, हे स्वतःशीच मान्य करताना त्याला शरम वाटत होती, वामनरावाच्या हातात नावांचा अंक पडेल तेव्हा त्याचा चेहरा कसा होईल हे पाहण्याची इच्छा पूर्ण मेली नव्हती. चांदूरच्या फलाटावर त्यानं हात धुतले, कोपरावरची माती काढली, आणि गाडी येईपर्यंत नुसता उभा राहिला.

सूचना छापून गेली होतीच. पुढच्या आठवड्यात कार्डांचा पाऊस पडला. मोरोपंतांचा अंदाज बरोबर होता, माणसं हरखून गेली होती. नावाआधी श्रीयुत लावा, नावापुढं बी.ए. लावा, गावाचं नाव चुकवू नका, जमल्यास वडिलांचंही छापा. सिंधूनं हरकतींचा वेगळा गठ्ठा करायला पाट मांडला होता, त्यावर सोमवारी एकच कार्ड पडलं. एकतीस. मुक्काम, चाळीस, आणि खाली, नाव छापू नये ही विनंती. चिंतामणनं ते मोरोपंतांना दाखवलं. ते म्हणाले, एका माणसासाठी अडीचशेंची हौस मोडायची का? त्याचं एकट्याचं वगळा. चिंतामण म्हणाला की एकाच क्रमांकापुढं जागा कोरी सोडली तर सगळा मुलूख तेवढंच बघेल. मग मोरोपंत म्हणाले छापून टाका, आणि टोपी घालून कोर्टात गेले. यादी तशीच छपाईच्या खिळ्यांत लागली. एकतीसच्या पुढं खुशालराव हे नाव चिंतामणनं स्वतः जुळवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. का दिला नाही, ते त्याला सांगता आलं नसतं.

मंगळवारच्या टपालात हरकतीचं दुसरं कार्ड आलं. चव्वेचाळीसचं. चिंतामणनं ते खिडकीशी नेऊन वाचलं, मग घोटभर पाणी पिऊन पुन्हा वाचलं. अक्षर मोठं, उजवीकडं कललेलं, काही ठिकाणी निब घुसलेलं.

"नावं छापू नका. एकतीस कोन आहे ते मले पयल्यापासून ठाऊक आहे. मी कोन हे त्याले समजलं तं तो बोलनं बंद करीन."

चिंतामण टेबलाशी बसून राहिला. छापखान्याचं ट्रेडल यंत्र मागं खडखडत होतं. त्याला एकदम हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि जुळाऱ्यांनी पाहू नये म्हणून त्यानं मुद्रित डोळ्यांशी धरलं. अख्ख्या वऱ्हाडात ही गोष्ट जाणणारा तो एकटा होता. एक कार्ड लिहायचा अवकाश. खुशालरावांना चार ओळी टाकल्या तर बुधवारी पोचतील. त्यानं कार्ड काढलं, पत्ता लिहिला, 'स.न.वि.वि.' लिहिलं. मग थांबला. वामनरावानं हे त्याला सांगितलं होतं, खुशालरावाला नाही. त्यांना सांगायचं असतं तर मध्ये एक भिंतच होती. त्यानं सुरू केलेलं कार्ड फाडलं, आणि फाडताना जे वाटलं ते समाधान नव्हतं, नुकसान झाल्यासारखं वाटलं. सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट तो न बघता सोडून देत होता.

संध्याकाळी मोरोपंत कोर्टातून आले तेव्हा तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की नावांची यादी काढतो. मोरोपंतांनी चष्म्यावरून पाहिलं. हरकती किती? दोन. दोघांनी कारण दिलंय? एकानं दिलंय. दाखवा. चिंतामणचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला, तिथं कार्ड होतं, आणि तो म्हणाला की दाखवणार नाही. अकरा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच उच्चारलं. मोरोपंत रागावले नाहीत. ते वकिलाच्या नजरेनं बराच वेळ त्याला न्याहाळत राहिले.

"अशिलाचं गुपित आहे?"

"तसंच समजा," चिंतामण म्हणाला.

"मग मला काही विचारता येत नाही," मोरोपंत म्हणाले, आणि थोडं कुरकुरत म्हणाले की त्या दोन स्तंभांत आता काय घालणार ते मात्र आज रात्रीच्या आत सांगा.

चिंतामणनं अडीचशे नावांची जुळणी मोडून खिळे पेटीत परत टाकायला दिले. मग त्या आठवड्याच्या चाली लावायला घेतल्या. चव्वेचाळीसचं कार्ड हरकतीच्या भरात त्यानं पुरतं वाचलंच नव्हतं. चाल मागच्या बाजूला, पत्त्याच्या शेजारी लिहिलेली होती. मागच्या अंकात चव्वेचाळीस सत्त्याण्णवव्या घरात होता, सातही वस्तू गाठीला. तीन घरं पुढं, की डाव त्याचा. पण जिंकणाऱ्याचं नाव चौकटीत छापतात. कार्डावर लिहिलं होतं: तीन घरं मागं. चिंतामणला वाटलं, चुकून लिहिलं. त्यानं गेल्या वर्षीचा दिवाळी अंक उघडून स्वतःचेच नियम पुन्हा वाचले. तीन घरांपर्यंत चालावे असं त्यानं लिहिलं होतं. कुठल्या दिशेनं ते लिहायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण सगळ्यांना अमरावतीलाच जायचं होतं. त्यानं खिळे उचलले आणि चव्वेचाळीससमोर चौऱ्याण्णव जुळवलं. मग बोटांवर मोजलं. तिथून पाणपोईपर्यंत, हा एक धरून, एकोणीस आठवडे लागणार होते.